लारवूडला जार्डिनने खाणीतून काढलं नव्हतं

इंग्लंडचा जुना फास्ट बोलर हॅरॉल्ड लारवूड याच्यावरची एक पोस्ट आठवडाभर आमच्या घरच्या ग्रुपवर फिरते आहे. तिच्यात लिहिलंय ते असं: अठरा वर्षांचा होईपर्यंत या खाणकामगार पोराने चेंडू हातात धरला नव्हता, इंग्लंडचा कप्तान, ‘आपल्या मुंबईत जन्मलेल्या’ डग्लस जार्डिनने त्याला खाणीतून उचललं आणि बॉडीलाइनसाठी (फलंदाजाच्या अंगावर वेगवान चेंडू टाकण्याच्या डावासाठी) घडवलं, पहिल्याच सामन्यात त्याने फलंदाजांची दाणादाण उडवली, पुढे इंग्लंडने टाकून दिल्यावर तो परत खाणीत गेला आणि तिथेच मेला. शेवटी ठळक अक्षरांत: खऱ्या वेगाला कोच लागत नाही.

माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याने ते शेवटचं वाक्य मनावर घेतलं. तो फास्ट टाकतो. रविवारी नेटला गेलाच नाही. विचारलं तर म्हणाला, “मामा, लारवूडला कोणी शिकवलं होतं?”

शिकवलं होतं, बाबा. दीड वर्ष.

नॉटिंगहॅमशायरमधलं नंकरगेट हे त्याचं गाव. चौदाव्या वर्षी तो अ‍ॅन्सलीच्या खाणीत कामाला लागला, गाड्या ओढणाऱ्या घोड्यांबरोबर. एवढं खरं आहे, मान्य. पण त्याच वयात तो गावच्या संघातून बोलिंगही टाकत होता आणि विकेट काढत होता. इंग्लंडकडून खेळलेले जो हार्डस्टाफ त्याच गावात राहायचे. त्यांच्या शब्दावर 1923 च्या एप्रिलमध्ये वडिलांना घेऊन तो ट्रेंट ब्रिज मैदानावर ट्रायलला गेला. काउंटीने, म्हणजे नॉटिंगहॅमशायरच्या संघाने, त्याला आठवड्याला 32 शिलिंगवर ठेवून घेतलं, पण लगेच मैदानात उतरवलं नाही. जेम्स आयरमाँगर हे तिथले कोच. त्यांच्या हाताखाली लारवूडने नेटमध्ये घाम गाळला. वेग त्याच्याकडे होताच; टप्पा आणि दिशा कमवावी लागली. फास्ट बोलरच्या मानाने उंचीही बेताचीच होती, पाच फूट आठ इंचांच्या आसपास. ती उणीव भरून काढणारा सफाईदार रनअप आणि अ‍ॅक्शन खाणीत फुकट मिळत नाही.

आणि तो ‘पहिलाच सामना’? ऑगस्ट 1924, समोर नॉर्थम्प्टनशायर. लारवूडला विकेट मिळाली एक. दाणादाण कोणाचीही उडाली नाही. पुढच्या मोसमात मात्र त्याने 73 बळी घेतले, सरासरी 18. ट्रायल आणि या 73 बळींच्या मधली जी वर्षं पोस्टने गाळली, तीच माझ्या भाच्याने वाचायला हवी होती.

आता जार्डिन. तो मुंबईत जन्मला हे बरोबर, पण लारवूड घडण्याशी त्याचा काय संबंध? ऑगस्ट 1926 मधल्या ओव्हल कसोटीचं स्कोअरकार्ड उघडून बघा. इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला 289 धावांनी हरवून अ‍ॅशेस परत मिळवली, तो सामना. एकवीस वर्षांच्या लारवूडचे त्यात दोन्ही डावांत तीन-तीन बळी आहेत. जार्डिनचं नाव त्या कार्डावर कुठेच नाही, कारण तो पहिली कसोटी खेळला 1928 मध्ये. कप्तान झाला 1931 मध्ये. तोवर लारवूड इंग्लंडमधल्या मोसमाच्या बोलिंग सरासरीत दोनदा अव्वल आला होता, 1927 आणि 1928 ला. काउंटीत त्याला हाताळलं, वापरलं ते नॉटिंगहॅमशायरचे कप्तान आर्थर कार यांनी. पोस्टमध्ये त्यांचा उल्लेखही नाही. बॉडीलाइनचा डाव जार्डिनने आखला, पण त्यासाठी त्याने तयार झालेला बोलर निवडला.

परत खाणीत गेला, तिथेच मेला, हेही खोटं. 1932-33 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातल्या बॉडीलाइनबद्दल माफी मागायला नकार दिल्यामुळे तो इंग्लंडकडून पुन्हा खेळला नाही, पण काउंटीकडून आणखी काही वर्षं खेळला. नंतर ब्लॅकपूलला गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवलं, 1950 मध्ये कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला गेला आणि 1995 मध्ये सिडनीत वारला.

ज्या काकांनी ही पोस्ट टाकली त्यांनी हेही त्याच ग्रुपवर टाकावं. भाच्याला मी ओव्हलचं कार्ड दाखवलं आहे, आणि येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मीच त्याला नेटवर घेऊन जाणार आहे.