लीडरशिप ट्रेनिंग फायद्यात कसं दाखवावं

अभिनंदन! कंपनीने बावीस मॅनेजर तीन दिवस एका हॉलमध्ये कोंडून 'लीडर' करून टाकले, आणि आता वरून विचारणा आलीय की पैसे वसूल झाले का. घाबरू नका. मी परवाच असला एक आरओआय (म्हणजे घातलेल्या पैशांवर किती परतावा मिळाला याचा) रिपोर्ट वाचलाय, डोकं अजून ठणकतंय पण पद्धत पक्की कळली.

ट्रेनिंगच्या आधी काहीही मोजून ठेवू नका, नंतर पंचाईत होते.

शेवटच्या दिवशी, सगळ्यांचा एक डोळा दाराकडे असताना फीडबॅक फॉर्म वाटा. पाचपैकी ४.८! ट्रेनिंगचा उपयोग कसा तपासायचा याच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्येच सांगून ठेवल्यात: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, कामात फरक पडला का. तुम्ही पहिलीवरच सतरंजी टाका.

खर्चात ट्रेनरची फी तेवढी धरा. बावीस जणांचा तीन दिवसांचा पगार? तो काय, असाही द्यावा लागतोच.

आता फायदा. फायद्यातून खर्च वजा करायचा, उरलं त्याला खर्चाने भागून गुणिले १००, सूत्र सोपंय. पण फायदा आणायचा कुठून? आमच्याकडे त्याच तिमाहीत विक्री वाढली, कारण किमती उतरवल्या होत्या आणि माझी टीम दोन महिने रविवारीसुद्धा राबत होती. मला फॉर्म आला, 'या वाढीत ट्रेनिंगचा वाटा किती टक्के?' ड्रॉपडाउन १० पासून सुरू! शून्य नाहीच! पुढचा प्रश्न, 'तुमची खात्री किती टक्के?' ट्रेनिंगचा आरओआय काढायची पद्धत बसवणाऱ्या जॅक फिलिप्सच्या हिशोबात हे दोन्ही गुणायचे असतात, म्हणजे ४० टक्के वाटा आणि ५० टक्के खात्री असेल तर धरायचे २०च. मी वाटा १० टाकला, खात्री पण १०, म्हणजे झाला १ टक्का. रिपोर्टमध्ये बघतो तर खात्रीचा कॉलमच गायब, आणि माझ्या पोरांचे रविवार कुणाच्या तरी स्लाइडवर 'लीडरशिपचा परतावा' म्हणून हिरव्या रंगात चमकतायत!

अरे, लाज वाटत नाही का? ट्रेनिंग वाईट नव्हतं हो, एकदोन गोष्टी मी अजून वापरतो. पण मोजायचंय तर आधीचे आकडे घ्या, ट्रेनिंग न मिळालेली तशीच एखादी टीम शेजारी ठेवून बघा, सहा महिन्यांनी हाताखालच्या लोकांना विचारा की साहेब बदलला का. आणि नाही जमत तर 'आकडा काढता येत नाही' असं सरळ लिहा ना, कोण फासावर देतंय! पण त्याआधी तो ड्रॉपडाउन उघडा आणि त्यात शून्य टाका.