सेमी-ऑटोमॅटिकच्या मोटारीवरचा सँडर: एका प्रतिक्रियेला उत्तर

भंगारात निघालेल्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची धुण्याच्या बाजूची मोटार वापरून लाकूडकामासाठी डिस्क सँडर (फिरत्या चकतीवर सँडपेपर लावून लाकूड घासायचं यंत्र) कसा करायचा, हा लेख ज्यांनी वाचला त्यांच्या नजरेला त्याखालची ही प्रतिक्रियाही पडली असेल. 'अभियंता डोंबिवली' या नावानं एक वाचक लिहितात:

"लेख वाचून कपाळाला हात लावला. वॉशिंग मशीनची मोटार थेट २३० व्होल्टला जोडली की ती बेफाम पळते आणि डिस्कच्या ठिकऱ्या उडतात. सेमी-ऑटोमॅटिक असो की फ्रंट लोड, मोटार ती मोटार. एवढंही ज्याला कळत नाही त्यानं लोकांना धडे देऊ नयेत. वीज जाऊन आली तर यंत्र आपोआप सुरू होईल, भुसा मोटारीत जाईल, वाइंडिंग जळेल. फोटोत अर्थिंगही दिसत नाही. यापेक्षा सरळ बेंच ग्राइंडर विकत घ्यावा. भंगारवाल्याच्या मालाला अभियांत्रिकीचा मुलामा देऊ नका. जरा अभ्यास वाढवा."

साहेब, ही प्रतिक्रिया काढून टाकणं माझ्या हातात होतं. काढलेली नाही, काढणारही नाही. लोकांनी दोन्ही बाजू वाचाव्यात.

आधी सुराविषयी बोलतो. अमुक परिच्छेदात अमुक चुकलंय, ते असं हवं, एवढं लिहिलं असतं तर मी आभारच मानले असते. इथे येणारे बरेच वाचक तसंच लिहितात. कुणी कपॅसिटरचं माप विचारतं, कुणी बेल्ट का घसरतो ते विचारतं, कुणी माझ्यापेक्षा सोपी पद्धत सांगून जातं. 'एवढंही ज्याला कळत नाही' अशी सुरुवात त्यांच्यापैकी कुणी केलेली नाही. आता विषय काढलाच आहे तर सांगतो: मोटार रिवाइंडिंग हा आमच्या घरचा धंदा. लालबागच्या गाळ्यात आधी वडिलांनी आणि मग मी पंखे, पंप, मिक्सर, वॉशिंग मशीन अशा सगळ्यांच्या मोटारी बांधल्या. डिग्री नाही, हे मी परिचयातच लिहून ठेवलंय. तुमची आहे का, हे मी विचारत नाही.

आता तुमचं मुख्य वाक्य. 'मोटार ती मोटार.'

नाही. फ्रंट लोड मशीनमध्ये वर्षानुवर्षं जी मोटार येत होती ती युनिव्हर्सल मोटार. तिला कम्युटेटर (शाफ्टवरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) असतो, त्यावर घासणारे दोन कार्बन ब्रश असतात, मागच्या टोकाला वेग मोजणारी छोटी टॅकोची रिंग असते आणि कनेक्टरला वायरींचा झुबका. कपॅसिटर नसतो. हिची फील्ड (बाहेरचं स्थिर वाइंडिंग) आणि आर्मेचर (आतला फिरणारा भाग) सिरीजमध्ये असतात. भार नसला की करंट उतरतो, करंट उतरला की फील्ड कमजोर होते, आणि कमजोर फील्डमध्ये तेवढाच बॅक ईएमएफ (फिरण्यामुळे तयार होणारं उलटं व्होल्टेज) तयार करायला आर्मेचरला आणखी जोरात फिरावं लागतं. मशीनमध्ये तिला आवर घालतं ते टॅकोवर नजर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड. ड्रम १२०० आरपीएमला फिरतो आणि पुलीचं गुणोत्तर साधारण एकास बारा असतं, म्हणजे मोटार १४,००० च्या पुढे. कार्ड काढून सरळ २३० व्होल्ट दिले तर ती खरोखरच बेफाम पळते. तुम्ही हे कुठेतरी वाचलंय आणि ते बरोबर आहे. फक्त ते या मोटारीबद्दल नाही.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये धुण्याची आणि सुकवण्याची अशा दोन मोटारी असतात आणि दोन्ही सिंगल फेज इंडक्शन, कायम जोडलेल्या कपॅसिटरच्या. ब्रश नाही, कम्युटेटर नाही. वेग ठरतो पोलच्या संख्येवर आणि विजेच्या फ्रीक्वेन्सीवर. चार पोल, ५० हर्ट्झ, म्हणजे स्टेटरमधलं, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागातलं, चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं. आतला फिरणारा रोटर त्याच्या मागेच राहणार, कारण तो मागे पडला तरच त्याच्या बारमध्ये करंट तयार होतो. म्हणून पाटीवर १३५० ते १४४० च्या आसपासचा आकडा दिसतो. व्होल्टेज चढलं तर रोटर १५०० च्या जरा जवळ सरकेल आणि मोटार जास्त तापेल, पण १५०० ओलांडणार नाही. बेल्ट तुटून भार शून्य झाला तरी नाही. तिला पळवायचीच असेल तर तुम्हाला महावितरणची फ्रीक्वेन्सी वाढवावी लागेल.

ठिकऱ्यांचा हिशेब आकड्यांत मांडू. मूळ लेखातली डिस्क २०० मिमीची, १८ मिमी जाडीच्या वॉटरप्रूफ प्लायची. १४०० आरपीएमला तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १४.७ मीटर. तुम्ही सुचवलेला बेंच ग्राइंडर दोन पोलचा असतो, २८०० च्या आसपास फिरतो. त्यावर १५० मिमीचा दगड धरला तर कडेचा वेग सेकंदाला २२ मीटर. म्हणजे तुमचं सुरक्षित यंत्र माझ्या असुरक्षित यंत्रापेक्षा दीडपट वेगानं फिरतंय. तुमची फ्रंट लोडवाली मोटार १५,००० ला गेली आणि तिच्यावर हीच डिस्क असली तर तो आकडा १५७ मीटर होतो, आणि तेव्हा ठिकऱ्या उडतील यावर आपलं एकमत आहे. ग्राइंडरच्या दगडावर पत्र्याचं गार्ड असतं, माझ्या डिस्कवर नाही, हेही मला माहीत आहे. म्हणूनच या शाफ्टवर दगड कधीही लावायचा नाही, असं लेखात ठळक अक्षरांत आहे. ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

हा घोळ दुसऱ्या कुणाचा होऊ नये म्हणून मोटार ओळखायची रीत पुन्हा देतो, या वेळी जास्त सविस्तर. कुर्ल्याच्या भंगार गल्लीतून किंवा कुठूनही मोटार उचलताना मल्टिमीटर खिशात ठेवा. ब्रश दिसले की ती बाजूला. ब्रश नाहीत आणि वायरी तीन आहेत, एवढ्यावर मात्र खूश होऊ नका. नव्या इन्व्हर्टर मशीनच्या बीएलडीसी (बिनब्रशच्या, कार्डावर चालणाऱ्या डीसी) मोटारीलाही मुख्य वायरी तीनच असतात, आणि ती थेट मेन्सला जोडली की मेलीच. तिचा रोटर चुंबकाचा असल्यामुळे शाफ्ट हातानं फिरवला की अडखळत, टप्प्याटप्प्यानं फिरतो. इंडक्शनचा शाफ्ट सलग फिरतो. मग तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स मोजा. बीएलडीसीत तिन्ही आकडे सारखे येतात. धुण्याच्या मोटारीला दोन्ही दिशांना सारख्याच जोरानं फिरायचं असल्यानं तिची दोन्ही वाइंडिंग सारखी असतात, म्हणून दोन आकडे समान आणि तिसरा त्यांच्या बेरजेइतका: समजा ३०, ३० आणि ६० ओहम. सुकवण्याच्या मोटारीत मुख्य आणि सहायक वाइंडिंग वेगवेगळं, तिथे ४०, ६० आणि १०० असं काहीतरी येईल. सर्वात मोठा आकडा ज्या दोन वायरींमध्ये येतो ती दोन टोकं, उरलेली तिसरी कॉमन.

जोडणीही तशीच सरळ. कॉमनला न्यूट्रल, कपॅसिटर दोन टोकांच्या मध्ये, फेज कुठल्याही एका टोकाला. दिशा उलटी आली तर फेज दुसऱ्या टोकाला न्यायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. कपॅसिटर त्याच मशीनचा वापरा, पण मोजून. ४४० व्होल्ट एसीचा असतो आणि किती मायक्रोफॅराड ते वर छापलेलं असतं. १० चा उतरून ७ झाला असेल तर मोटार गुणगुणते, उचलत नाही, तापते. 'जोर यावा' म्हणून मोठा कपॅसिटर टाकणारे हौशी लोक लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात रोज भेटतात. तसं केलं की सहायक वाइंडिंगमधून जास्त करंट वाहतो आणि तेच आधी जळतं. पहिल्यांदा सुरू करताना १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. बल्ब पूर्ण पेटला आणि मोटार गप्प, तर आत शॉर्ट आहे. बल्ब मंद आणि मोटार नुसतीच गुणगुणतेय, तर घाबरू नका. बल्बमधून तिला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही इतकंच.

जुलै-ऑगस्टमध्ये घेतलेल्या मोटारीला आणखी एक गोष्ट लागते. आपल्याकडे भंगार उघड्यावर भिजतं आणि वाइंडिंग ओल धरतं. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) वाइंडिंग ते बॉडी एक मेगोहमच्या खाली असेल तर जोडूच नका. लाकडी खोक्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून दिवसभर सुकवा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला नाही तर ती मोटार तांब्याच्या भावात परत. हल्ली बऱ्याच मोटारींत ॲल्युमिनियम निघतं, तेव्हा तोही भाव येईलच असं नाही.

अर्थिंगबद्दल: फोटोत हिरवी वायर दिसत नाही, हे मान्य. ती पार्टिशनच्या मागे आहे. मागून एक फोटो काढायला हवा होता, तो आता टाकतो. मजकुरात मात्र सगळं आहे: मोटारीच्या पायाजवळचा रंग खरवडून दातेरी वॉशर, त्यावर क्रिंप केलेला लग, तिथून थ्री-पिनच्या मोठ्या पिनेपर्यंत अखंड वायर, आणि बोर्डावर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). पार्टिशन असल्याचं तुमच्या लक्षात आलं असतं तर भुशाचा प्रश्नही सुटला असता. डिस्क एका बाजूला, मोटार दुसऱ्या बाजूला, मध्ये १२ मिमीचा प्लाय, आणि शाफ्टच्या भोकाला फेल्टचा वॉशर.

वाइंडिंग जळण्याचं म्हणाल, तर कुठलीही मोटार जळते. धुण्याचा टायमर बहुतेक मशीनमध्ये १५ मिनिटांचाच असतो, तोही मध्ये थांबत थांबत चालतो. या मोटारी तेवढ्याच कामासाठी बांधलेल्या असतात. म्हणून १० मिनिटं काम आणि हात लावून बॉडी सोसवेल इतकी थंड होईपर्यंत विश्रांती, हे लेखात आहे. जळण्याचं खरं कारण वेळेपेक्षा दाब असतो. आउटपुट १५० वॅट धरलं तर १४०० आरपीएमला टॉर्क जेमतेम एक न्यूटन-मीटर. डिस्कच्या मध्यापासून ७५ मिमीवर लाकूड टेकवलं तर तिथे सुमारे १४ न्यूटन, म्हणजे दीड किलोच्या आतच, ओढ मिळते. त्याहून जास्त रेटलंत की वेग पडतो, करंट चढतो, आतला पंखा मंदावतो, आणि हे तिन्ही एकाच वेळी होतं. ८० नंबरचा कागद ताजा ठेवा. गुळगुळीत झालेल्या कागदावर माणूस नकळत जोर लावतो.

या मोटारींचा शाफ्ट बहुतेक वेळा बुशमध्ये (साध्या धातूच्या नळीत) फिरतो, बॉल बेअरिंगवर नाही, आणि डिस्क थेट मोटारीच्या शाफ्टवर लावली तर आडव्या दाबानं बुश लांबट होतो. ही मोटारीची खरी दुखरी जागा, आणि नेमकी तीच तुमच्या प्रतिक्रियेत नाही! म्हणूनच डिस्क वेगळ्या २० मिमीच्या शाफ्टवर, दोन यूसीपी २०४ प्लमर ब्लॉकमध्ये (बेअरिंग बसवलेल्या बोल्टच्या ठोकळ्यांत) आहे (नागदेवीला कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतात). शाफ्टचं टोक टर्नरकडून पुलीच्या बोअरइतकं उतरवून त्यावर मोटारीच्या पुलीएवढीच पुली, आणि मशीनचाच बेल्ट. बेल्ट बोटानं दाबून १० मिमीच्या आसपास झुकायला हवा. जास्त ताणलात तर प्लमर ब्लॉकचा काही उपयोग नाही, बुश बेल्टच्या ओढीनंच जाईल. बुशभोवतीच्या फेल्टला स्पिंडल ऑइलचे चार-पाच थेंब द्या. खोबरेल नाही.

वीज जाऊन येण्याचं राहिलं. बेस्टच्या हद्दीत वीज जाते तरी किती? तुमच्या डोंबिवलीत जात असेल. तिथल्या लोकांनी सुताराच्या मशीनला असतं तसं नो-व्होल्ट पुश बटण लावावं. वीज आली तरी ते हिरवं बटण दाबेपर्यंत सुरू होत नाही. इतर कुणालाही लावायला माझी हरकत नाही.

भंगारवाल्याच्या मालाबद्दल जे लिहिलंत त्याला उत्तर देत नाही. बेंच ग्राइंडरवर सागाच्या फळीची कड काटकोनात घासून दाखवा, मग तो विकत घेण्याचं बोलू.

आणि पुन्हा लिहाल तेव्हा एक करा. घरी किंवा शेजारी एखादं बंद पडलेलं सेमी-ऑटोमॅटिक असेलच. प्लग काढा, मागचं कव्हर उघडा, कपॅसिटरची दोन टोकं रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, धुण्याच्या मोटारीच्या तीन वायरी मशीनपासून सुट्या करा आणि तीन रीडिंग घ्या. ते तीन आकडे आणि पाटीवरचा आरपीएम खाली प्रतिक्रियेत टाका.