अर्धा किलो भाजणी आणि चारशे सोबती

घरच्या घरी भाजणी, मेतकूट, लोणची करून विकताय ना? मग न्यूजलेटर, म्हणजे गिऱ्हाइकांना नियमाने धाडायचा मेल, हवंच. कसं लिहायचं ते माझ्याकडून शिका, कारण डोंबिवलीच्या एका प्रदर्शनात अर्धा किलो थालीपीठाची भाजणी घेताना "लकी ड्रॉ आहे ताई" म्हणून वहीत ईमेल लिहायची बुद्धी मला झाली आणि तेव्हापासून मी या विषयात पीएचडी करतेय. (लकी ड्रॉचं काय झालं विचारू नका.)

विषयाच्या ओळीत फक्त 'नमस्कार' आणि पुढे सहा फुलं.

मजकूर टाइप करायचा नाही, फोटोत घालायचा. गुलाबीवर पिवळी अक्षरं. फोन नंबरही फोटोतच, म्हणजे गिऱ्हाइकाला कॉपी करता येत नाही, कागद-पेन शोधावं लागतं, तेवढीच हालचाल.

भाव? छे! 'भावासाठी संपर्क करा.'

आता पत्ते. बीसीसी नावाचा एक रकाना असतो, त्यात घातलेले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत, त्याच्याकडे बघूसुद्धा नका, सगळी वही 'टू'मध्ये ओता. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५०० जणांनाच मेल जातो, तेव्हा यादीचे दोन भाग करा आणि मला दोन्हीत ठेवा. मग परवा झालं तसं होतं: एका काकांनी रिप्लाय ऑल करून विचारलं चकली मऊ का, एका बाईंनी चारशे जणांना कळवलं की आमची तर कुरकुरीत होती, डबा घट्ट लावत जा, मग कुणीतरी 'मला यातून काढा' म्हणून सगळ्यांनाच लिहिलं, त्यावर अकरा जणांचं 'मलाही', आणि एका महाभागाने तेच पत्ते उचलून स्वतःच्या विमा पॉलिसीची जाहिरात धाडली. मी मीटिंगमध्ये, फोन टिंग टिंग टिंग, आणि साहेब विचारतायत काही अर्जंट आहे का. काय सांगू, चकली मऊ पडलीय म्हणून?

अनसबस्क्राइबची, म्हणजे यादीतून आपलं नाव काढून घ्यायची, लिंक द्यायची नाही. गूगलने २०२४ मध्ये ती सोय सक्तीची केली ती दिवसाला ५००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना, आपण पडलो लहान! वैतागलेली माणसं 'स्पॅम' दाबतात, मग आपले मेल इतरांच्याही स्पॅममध्ये जायला लागतात, आणि 'हल्ली लोक मेल वाचतच नाहीत' म्हणायला आपण मोकळे.

अहो बाई, भाजणी चांगली आहे हो तुमची! खमंग, धणे अगदी बेताचे. मला अजून दोन किलो हवीय. पुढची कधी दळणार, किलोला किती, घरपोच देता का, तीन ओळी लिहायला काय जातं? भाव विचारून तीन आठवडे झाले, त्याला उत्तर नाही, फुलं मात्र दर सोमवारी. आणि लोकांनी विश्वासाने लिहून दिलेले पत्ते असे चव्हाट्यावर मांडता, लाज वाटत नाही? एक फोन करून भाव सांगा आणि मला त्या यादीतून काढा. दोन्ही याद्यांतून.