७१ सेंटांचा हिशेब

भारतात ॲप्सवरून वाद पेटला की बोलणारे दोन गटांत उभे राहतात. एका गटाचा राग गूगल आणि ॲपल खातात त्या कमिशनवर, तर दुसऱ्याचा आग्रह असा की ॲप वापरायचं तर स्वदेशीच वापरा. ऑक्टोबर २०२२मध्ये स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या पेमेंटच्या अटींवरून गूगलला ९३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा पहिला गट जोरात होता. मार्च २०२४मध्ये शुल्काच्या भांडणातून गूगलने लग्न जुळवणारी, नोकऱ्या शोधून देणारी मोठमोठी भारतीय ॲप्स स्टोअरवरून काढली. सरकार मध्ये पडलं आणि थोड्याच दिवसांत ती परत आली. त्या आठवड्यात दोन्ही गट गळ्यात गळे घालून होते. मी इथे जर्मनीत बसून हे सगळं वाचत होतो आणि शोधत होतो तो वेगळ्याच माणसाला. दिवसाची नोकरी सांभाळून रात्री एक छोटंसं ॲप लिहिणारा आणि ते युरो-दोन युरोला विकणारा एकटा डेव्हलपर या भांडणात कुठे आहे?

तो कुठेच नाही. ज्यांचा आवाज ऐकू येतो त्या कंपन्यांकडे वकील आहेत, संघटना आहेत, मंत्र्यांची वेळ मिळवण्याची ताकद आहे. सगळ्यांच्या तोंडी असलेला ३० टक्क्यांचा आकडा मुख्यतः त्यांचा आहे. छोट्यांसाठी ॲपलने जानेवारी २०२१पासून आणि गूगलने त्याच वर्षी जुलैपासून हा दर निम्म्यावर, म्हणजे १५ टक्क्यांवर आणला. वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच्या कमाईला तो लागू होतो. युरो-दोन युरोवाल्याला तेवढी कमाई स्वप्नातही दिसत नाही. त्याच्या पोटावर पाय येतो तो कमिशनने थोडा आणि आपण वापरणाऱ्यांनी बराच, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथल्याही आणि इथल्याही.

आधी इथला हिशेब सांगतो. ॲपची किंमत ९९ सेंट. त्यात १९ टक्के मूल्यवर्धित कर आधीच धरलेला असतो, तो गेला की उरतात ८३ सेंट. त्यातून स्टोअरचे १५ टक्के गेले की ७१. यावर आयकर भरायचा तो वेगळा. ॲपलचं डेव्हलपर खातं चालू ठेवायला दरवर्षी ९९ डॉलर लागतात. म्हणजे सव्वाशेच्या आसपास नवी गिऱ्हाइकं मिळाली की त्या वर्षीची वर्गणी फिटली. रात्रींचा, चाचणीसाठी घेतलेल्या जुन्या फोनांचा, मोडलेल्या झोपेचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. गूगलचं खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं, पण नोव्हेंबर २०२३पासून नव्या वैयक्तिक खात्याला आणखी एक परीक्षा आहे: ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ठरावीक माणसांनी ते सलग १४ दिवस तपासलं पाहिजे. आधी ही माणसं वीस लागायची, पुढे ती बारावर आली. एकलकोंड्या प्रोग्रामरने बारा माणसं जमवायची आणि त्यांना दोन आठवडे धरून ठेवायचं! मला तर कोड लिहिणंच सोपं वाटतं.

आणि ॲप एकदा विकलं म्हणून काम संपत नाही. गूगलचा नियम असा की ॲप दरवर्षी नव्या अँड्रॉइडच्या जवळपास आणून ठेवायचं. नाही ठेवलं तर नव्या फोनवाल्यांना ते स्टोअरमध्ये सापडेनासं होतं. ॲपलने २०१७मध्ये आयफोनसाठी आयओएस ११ आणलं, तेव्हा ३२ बिट या जुन्या पद्धतीची सगळी ॲप्स त्यावर एका फटक्यात बंद पडली. डेव्हलपरने स्वतः काही बिघडवलेलं नसतं, तरी दर वर्षी त्याला दुरुस्तीला बसावं लागतं. गिऱ्हाइकाने मात्र पैसे दिलेले असतात एकदाच, चार-पाच वर्षांपूर्वी, आणि त्यातले डेव्हलपरच्या हाती आलेले असतात ७१ सेंट. तरी अभिप्रायात पहिला एक तारा बहुधा त्याचाच येतो.

युरोपात अलीकडे आणखी एक गोष्ट झाली आहे, तिची भारतातल्या चर्चेत फारशी दखल दिसत नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार ॲपमधून धंदा करणाऱ्याने आपला पत्ता, फोन आणि ईमेल स्टोअरमध्ये उघड दाखवायचा असतो. हे न करणाऱ्यांची ॲप्स ॲपलने फेब्रुवारी २०२५मध्ये युरोपातल्या स्टोअरवरून काढायला सुरुवात केली. ग्राहकाच्या दृष्टीने कायदा चांगलाच आहे, फसवणारा सापडला पाहिजे. पण मोठी कंपनी तिथे कार्यालयाचा पत्ता टाकते. एकट्या डेव्हलपरने पोस्टाची पेटी भाड्याने घेतली नसेल तर तो घराचा पत्ता टाकतो. मी टिपणांसाठी वापरतो त्या ॲपच्या पानावर अगदी खाली गेलं की एका माणसाचं नाव, रस्ता, घर क्रमांक आणि मोबाइल नंबर दिसतो. दोन युरोंना त्याने एक ॲप विकलं आणि अख्ख्या युरोपला आपलं दार दाखवलं.

या माणसाशी माझा एकदाच पत्रव्यवहार झाला. त्याच्या ॲपमध्ये मराठी टिपणं लिहिली की ओळींची उंची कमी पडायची. खालचे उकार अर्धे कापले जायचे, 'कृ'चा ऋकार दिसायचाच नाही आणि वरच्या वेलांट्या आधीच्या ओळीत घुसायच्या. अशीच तक्रार मी याआधी एका बड्या कंपनीच्या फुकट ॲपबद्दल केली होती. तिथून आपोआप छापलेलं आभाराचं उत्तर आलं आणि विषय संपला. या माणसाने दुसऱ्या दिवशी लिहिलं, त्याला देवनागरीचं एक अक्षरही वाचता येत नाही. तरी मी पाठवलेल्या चित्रावर त्याने लाल गोल काढून विचारलं होतं, ही खाली लोंबणारी शेपटी अक्षराचाच भाग आहे ना, आणि सगळ्यात जास्त खाली जाणारं अक्षर कोणतं? मी त्याला 'द्धृ' आणि 'ट्ठू' पाठवले, छळायचंच तर नीट छळावं. पुढच्या आवृत्तीच्या नोंदीत एक ओळ होती: देवनागरी ओळी कापल्या जात होत्या, दुरुस्त. त्या ॲपवर मराठी लिहिणारे आम्ही असे किती असणार? त्याने ते विचारलंही नाही.

'तुमच्याकडे बरं आहे रे, लोक पैसे टाकतात. आपले लोक फुकटे,' असं भारतातला माझा एक मित्र नेहमी म्हणतो. तो स्वतः ॲप्स लिहितो, त्यामुळे त्याचा राग मला समजतो. पण हे अर्धंच खरं आहे. नोव्हेंबर २०१४मध्ये 'मॉन्युमेंट व्हॅली' या अतिशय देखण्या खेळाच्या निर्मात्यांनी नवे टप्पे काढले आणि त्यांचे वेगळे दोन डॉलर लावले. महागडे फोन हातात असलेल्या लोकांनी त्यावर एकेका ताऱ्याचा भडिमार केला, की आम्ही एकदा पैसे दिले होते, आता पुन्हा कसले? त्याच वर्षी 'थ्रीज' नावाचा आकड्यांचा खेळ आला. दोघा मुख्य कर्त्यांनी त्यावर वर्षाहून जास्त काळ घालवला होता आणि किंमत होती दोनच डॉलर. महिन्याभरात त्याच धर्तीवरचा '२०४८' फुकटात आला आणि जगभर पसरला. पुढे लोक मूळ खेळालाच नक्कल म्हणू लागले, तेव्हा त्या दोघांनी तो घडताना एकमेकांना लिहिलेल्या शेकडो ईमेल लोकांपुढे मांडल्या. '२०४८' करणाऱ्याने काही चोरी केली नव्हती. त्याने तो गंमत म्हणून केला आणि कोडही खुला ठेवला. पण वर्षभराची मेहनत आणि चार दिवसांची गंमत यांतला फरक गिऱ्हाइकाला दिसत नाही. माझ्या कचेरीतली माणसंही कॉफीच्या यंत्रासमोर उभी राहून दोन युरोंच्या ॲपची किंमत जास्त आहे का, यावर गांभीर्याने बोलतात.

भारतातल्या लोकांना सरसकट फुकटे म्हणणं तर अन्यायाचंच आहे. बरीच वर्षं पैसे द्यायचा रस्ताच धड नव्हता. प्ले स्टोअरवर ॲपची किमान किंमत २०१५पर्यंत ५० रुपये होती, मग ती १०वर आली. क्रेडिट कार्ड मोजक्यांकडे. यूपीआयने प्ले स्टोअरवर पैसे भरता येऊ लागले ते २०१९मध्ये. आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबाबत रिझर्व्ह बँकेचे नवे नियम ऑक्टोबर २०२१पासून लागू झाले आणि त्यानंतर ॲपलने भारतात कार्ड घेणंच थांबवलं. द्यायची इच्छा असलेल्या माणसालाही खिडकी बंद मिळायची. आता ती उघडी आहे, दहा-वीस रुपये एका बोटाने जातात. तरीही सवय तीच राहिली असेल, तर मात्र मित्राचं म्हणणं मी निमूट ऐकून घेईन.

स्वदेशीवाल्यांशी माझं भांडण वेगळं आहे. ट्विटरला पर्याय म्हणून आलेलं 'कू' आठवतं? २०२०मध्ये सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत ते नावाजलं गेलं, पुढे मंत्र्यांपासून सगळे त्यावर गेले आणि जुलै २०२४मध्ये ते बंद झालं. २०२५च्या शरदात 'अराताई' या निरोप पाठवायच्या ॲपवर तशीच झुंबड उडाली. त्याच्यामागे झोहोसारखी भक्कम कंपनी आहे, ती सांभाळून घेईल. एकट्या माणसाच्या वाट्याला अशी देशभक्त झुंबड आली तर तो बुडेल. लाखभर फुकट डाउनलोड म्हणजे हजारो तक्रारी, आणि सर्व्हर लागत असेल तर त्याचं बिल. डाउनलोड करून झेंडा फडकवणं सोपं असतं. पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पैसे कोणीच देत नसलं की काय होतं, याचं उदाहरण स्लोव्हाकियातून घ्या. टिबोर कापुटा या डेव्हलपरने सुरू केलेली 'सिंपल मोबाइल टूल्स' ही छोट्या ॲप्सची मालिका अनेकांची लाडकी होती: गॅलरी, कॅलेंडर, फाइल मॅनेजर. जाहिराती नाहीत, नसत्या परवानग्या नाहीत, कोड खुला, पैसे घेतलेच तर किरकोळ. २०२३च्या शेवटी त्याने ती एका कंपनीला विकून टाकली आणि संतापाची लाट उसळली. सुदैवाने कोड खुला असल्याने दुसऱ्या मंडळींनी तो उचलून 'फॉसिफाय' नावाने पुढे चालू ठेवला. संतापलेल्यांपैकी किती जणांनी त्याला कधी काही दिलं होतं, हे मला विचारावंसं वाटतं. वर्षानुवर्षं एकट्याने ओझं वाहिल्यावर त्याने ते विकलं, यात मला विश्वासघात दिसत नाही.

उलट उदाहरणही आहे. रेडिट हे चर्चांचं संकेतस्थळ वाचायचं 'अपोलो' हे ॲप ख्रिश्चन सेलिग या एका माणसाचं. रेडिटने २०२३मध्ये बाहेरच्या ॲप्सना आपला मजकूर पुरवण्याचे इतके दर लावले की त्याच्या हिशेबाने वर्षाचे दोन कोटी डॉलर झाले असते. ३० जूनला ॲप बंद झालं. वर्षाची वर्गणी भरलेल्यांचे उरलेले पैसे परत करायचे तर त्याच्या खिशातून अंदाजे अडीच लाख डॉलर जाणार होते. मग ॲपमध्ये एक पर्याय आला: मला परतावा नको. त्याच वर्षी ट्विटरने बाहेरच्या ॲप्सना दार बंद केल्यावर ट्विटर वाचायच्या 'ट्वीटबॉट' आणि 'ट्विटरिफिक'नेही तेच केलं होतं. ॲप्सच्या या दुनियेतली मला भावलेली गोष्ट विचारलीत तर मी हे बटण दाखवीन. कायद्याने पैसे ग्राहकाचे, ते मागितले तरी कोणी वाईट म्हणणार नव्हतं.

सदस्यत्वाबद्दल मात्र मी डेव्हलपरांच्या बाजूने डोळे मिटून उभा नाही. सर्व्हर लागत नाही, रोज नवी माहिती लागत नाही, अशा टॉर्चला किंवा क्यूआर कोड वाचणाऱ्या ॲपला आठवड्याची वर्गणी लावणारे लोक लुटारूच आहेत. त्यांच्यामुळेच प्रामाणिक माणसाने वर्षाचे चार पैसे मागितले तरी लोक बिचकतात. माझ्या मते छोट्या ॲपचा रास्त मार्ग जुनाच आहे: एकदा विका, दोन-तीन वर्षांनी मोठी सुधारणा करा, जुन्या गिऱ्हाइकाला ती कमी किमतीत द्या. संगणकाच्या सॉफ्टवेअरचा धंदा कित्येक वर्षं असाच चालला. फोनच्या दुकानांत ही सरळ सोयच नाही. 'ट्वीटबॉट'ने २०१३मध्ये तिसरी आवृत्ती वेगळं ॲप म्हणून काढली आणि जुन्या गिऱ्हाइकांकडूनही पुन्हा पैसे घेतले, तर लोक चिडले. सवलत द्यायची म्हटली तरी तिला जागा नव्हती.

म्हणून भारतातल्या वादाकडे पाहताना मला वाटतं, स्पर्धा आयोगापुढे आणि संसदेत एवढी शक्ती खर्च होतेच आहे, तर कमिशनच्या टक्क्यांच्या जोडीने ही मागणीही कोणी तरी रेटावी: जुन्या गिऱ्हाइकाला सवलतीत नवी आवृत्ती विकायची सोय द्या. बड्या कंपन्यांना तिची गरज नाही, त्यामुळे त्या ती मागणार नाहीत. ती सोय होईपर्यंत माझ्या टिपणांच्या ॲपची पुढची आवृत्ती वेगळी म्हणून आली, तर मी पुन्हा पूर्ण दोन युरो देणार आहे आणि 'द्धृ' तपासून बघणार आहे.