शून्य ते तीस

वेगवान गाडी विकायला काढणारा प्रत्येक माणूस पहिली शपथ अशी घेतो, की ही गाडी आजवर कधीही वेगात चालवलेली नाही. जाहिरातीत इंजिनाची ताकद ठळक अक्षरांत लिहिलेली असते आणि तिच्या खालच्याच ओळीत 'सिंगल हँड, शोरूम मेंटेन, फक्त फॅमिली युज, रफ ड्रायव्हिंग नाही' असे आश्वासन असते. घेणाराही काही कमी नसतो. गाडी मजबूत आहे, एअरबॅग आहेत, पळवायची वगैरे अजिबात नाही, असे तो घरी सांगून आलेला असतो. अशी एकमेकांना खोटे सांगणारी दोन माणसे बोनेट उघडून उभी राहतात आणि ते यंत्र ज्यासाठी बनवले गेले तेवढा विषय सोडून बाकी सगळ्यावर बोलतात. गेल्या रविवारी कोथरूडमध्ये आमच्या या जोडीत एका तिसऱ्या गृहस्थांची भर पडली, आणि त्यांच्यावरचा माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

माझ्याकडे साडेचार लाख रुपये होते. ही रक्कम घेऊन नव्या गाड्यांच्या दुकानात गेले तर तिथला मुलगा आपल्याला थेट सर्वांत लहान गाडीपाशी नेऊन उभे करतो आणि तिच्या पाणी पिण्याच्या बाटलीच्या कप्प्याचे कौतुक सांगू लागतो. म्हणून जुन्या बाजाराकडे वळावे लागते, आणि तिथे महाराष्ट्रातच जन्मलेल्या गाड्यांची एक भली मोठी, मोह पाडणारी रांग असते. 2001 मध्ये आलेली फियाट पालिओ 1.6 ही त्या काळी शंभर अश्वशक्तीची होती आणि तिची जाहिरात खुद्द सचिन तेंडुलकर करत असे. पण आज तिचे सुटे भाग शोधणे हाच एक स्वतंत्र छंद होऊन बसतो. फियाटच्याच रांजणगावच्या कारखान्यातली लिनिया टी-जेट 114 अश्वशक्तीची आणि त्याच घराण्यातली 2015 ची अबार्थ पुंटो 145 ची. पहिली चांगल्या स्थितीत सापडत नाही आणि दुसरीचे मालक किंमत सांगताना भावनिक होतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जोडणी झालेली स्कोडा लॉरा व्हीआरएस 160 अश्वशक्तीची, पण ती विकत घेण्याची ऐपत आणि सांभाळण्याची ऐपत या दोन वेगळ्या ऐपती आहेत आणि माझ्याकडे त्यांतली फार तर पहिली होती. राहता राहिली चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. 2013 मध्ये आलेली, 1197 सीसीची, 105 अश्वशक्तीची, सात गिअरची ऑटोमॅटिक, आणि कंपनीच्या दाव्यानुसार शून्यापासून ताशी शंभरपर्यंत 9.7 सेकंदांत जाणारी.

हा 1197 चा आकडा सहज आलेला नाही. आपल्याकडे चार मीटरपेक्षा आखूड आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 'लहान गाडी' म्हणून कमी कर लागतो, त्यामुळे मध्यमवर्गीयाच्या वाट्याला येणारा वेग हा नेहमी बाराशे सीसीच्या आत बसवलेला, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) लावून फुगवलेला वेग असतो. ज्याला याहून जास्त हवे त्याच्यासाठी 2016 मध्ये तीन दारांची पोलो जीटीआय परदेशातून आणून विकायला ठेवली होती, 192 अश्वशक्तीची, शोरूममधलीच किंमत जवळपास 26 लाख. तेवढे पैसे असणारा माणूस तीन दारांच्या गाडीत कशाला वाकून शिरेल, हा विचार कोणी केला होता की नाही कोण जाणे. ते असो. चाकणची साधी पोलोही 2022 मध्ये बंद झाली, त्यामुळे आता जे काही आहे ते दुसऱ्याने वापरलेलेच आहे.

जुनी टर्बो गाडी पाहायला जाताना काय पाहायचे, याचा अभ्यास मी मनापासून केला होता. पहिला नियम असा, की इंजिन थंड असताना पहिल्यांदा सुरू होताना ऐकायचे, कारण अशा काही इंजिनांत टायमिंग चेन सैल झाली असेल तर ती थंड असतानाच काही क्षण खडखडते आणि गरम झाल्यावर शहाण्यासारखी गप्प बसते. दुसरा नियम टायरचा. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष, त्यामुळे 'टायर नवीन आहेत' या वाक्याची शहानिशा बसल्याजागी होते. सगळ्या काचांवरची वर्षे जुळतात का, मडगार्डच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा आहेत का, हेही पाहायचे, म्हणजे लपवलेला अपघात उघडा पडतो. आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा गिअरबॉक्सची. या पोलोत असतो तो कोरड्या दुहेरी क्लचचा, म्हणजे आळीपाळीने गिअर बदलणाऱ्या दोन क्लचचा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कसा आहे हे सपाट रस्त्यावर कळत नाही. तो चढावर आणि रांगत्या वाहतुकीत पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या मध्ये थरथरतो की नाही, ते पाहावे लागते. तो बिघडलाच तर दुरुस्तीचा आकडा ऐकताना जवळ खुर्ची असलेली बरी. त्यासाठी पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे चढणारा भाग मी मनात पक्का करून ठेवला होता.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोहोचलो तेव्हा बोनेटवर हात ठेवला, तर ते चांगलेच गरम होते. "सर, तुम्ही येणार म्हणून अर्धा तास स्टार्ट करून ठेवली," असे विकणाऱ्या तरुणाने अतिशय आपुलकीने सांगितले. म्हणजे पहिला नियम तिथेच संपला. चावीसाठी मी हात पुढे केला, तर तो म्हणाला, "सर, गाडी मीच चालवतो, तुम्ही बसून फील घ्या. इन्शुरन्सचा प्रॉब्लेम होतो." वैध परवाना असलेल्या आणि मालकाच्या संमतीने चालवणाऱ्या कोणालाही विम्याच्या पॉलिसीची हरकत नसते, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले, हसला आणि स्वतः चालकाच्या आसनावर जाऊन बसला.

मी पुढच्या दुसऱ्या दाराकडे वळलो, तेव्हा तिथे एक काका अगोदरच बसत होते. तिसऱ्या मजल्यावर राहणारे, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातले हे गृहस्थ पाठीमागे न बघता, दार धरून, आधी एक पाय आणि मग उरलेला देह असे क्रमाने आत गेले, आणि खालचा दांडा ओढून आसन शेवटपर्यंत मागे सरकवून म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं. तुम्ही तरुण आहात, मागे बसा." मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. पण पुण्यात ऑपरेशनपुढे कोणताही युक्तिवाद चालत नाही, म्हणून मी त्यांच्या आसनामागे उरलेल्या जागेत माझे स्वतःचे, अद्याप ऑपरेशन न झालेले गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसलो. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर कळले की काकांना फक्त गिरणीपर्यंत जायचे होते.

"तुमची टेस्टपण होईल आणि माझं दळणपण येईल," काकांनी आरशातून माझ्याकडे पाहत सांगितले. "ॲव्हरेज किती देते, विचारलंत का?"

नाही विचारले, असे मी म्हणालो. ही गाडी घेणारा माणूस ॲव्हरेजसाठी घेत नाही, असे मला म्हणायचे होते.

"सतरा पूर्णांक दोन," काका म्हणाले. "एआरएआयचा आकडा आहे. तो काय वर टेकडीवर मोजतात. मी रोज पहाटे तिथंच फिरायला जातो."

वेताळ टेकडीवर एआरएआयची संस्था आहे आणि देशातल्या गाड्यांच्या चाचण्या तिथे होतात हे खरे आहे, सतरा पूर्णांक दोन हा आकडाही बरोबर आहे. मात्र त्या कुंपणाबाहेरून रोज पहाटे चालत गेल्यामुळे इंधनाच्या हिशेबाचा अधिकार माणसात मुरतो, ही उपपत्ती मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तोवर विक्रेत्याने गाडी पेट्रोल पंपात घातली होती. "रिझर्व्हला आहे सर, पाचशेचं टाकू या का?" असे तो म्हणाला आणि त्या 'टाकू या'मधला 'आपण' कोण, हे पंपावरचा मुलगा माझ्या काचेशी येऊन उभा राहिल्यावर स्पष्ट झाले. मी पाचशे रुपये दिले.

पुढे मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने आम्ही ताशी तिसाच्या वेगाने निघालो. मी शक्य तितक्या सभ्यपणे सुचवले की रस्ता जरा मोकळा आहे, तर एकदा ॲक्सिलरेटर दाबून पाहावा, कारण शून्य ते शंभरचा वेळ हेच या गाडीचे वैशिष्ट्य आहे.

"किती वेळ लागतो म्हणता?" काकांनी विचारले.

"नऊ पूर्णांक सात सेकंद."

"आणि शंभर झाल्यावर?"

"शंभर झाल्यावर काय? झाले शंभर."

"नाही, पण मग पुढे काय करायचं? इथं पुढे सिग्नल आहे."

"मग ब्रेक लावायचा."

"म्हणजे दहा सेकंद लवकर जायचं आणि तिथं जाऊन दीड मिनिट उभं राहायचं." काका थोडा वेळ विचार करून म्हणाले, "आणि ह्याचे तुम्ही साडेचार लाख देणार."

विक्रेता हसला. आपलीच गाडी विकली जाऊ नये असे काही काका बोलत आहेत, हे त्याच्या लक्षातही आले नाही. खरे तर मला पुष्कळ बोलता आले असते. टर्बो भरल्यावर पाठीला जो एक दाब जाणवतो, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना जो आवाज येतो, त्याला सिग्नलशी काही देणेघेणे नसते, हे मी सांगू शकलो असतो. पण गुडघे हनुवटीपाशी असलेल्या माणसाने आनंदाविषयी बोलू नये, एवढे तारतम्य मला होते. शिवाय मनातून एक चीड येत होती. या शहरात तीन तोळे सोने घेणाऱ्याला त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारत नाही. कोकणात वर्षातून चार दिवस राहण्यासाठी बंगला बांधणाऱ्याचे अभिनंदन होते. पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांत एक जुनी, बरी पळणारी गाडी घेऊ पाहणाऱ्याला मात्र प्रत्येक काका, प्रत्येक मेव्हणा आणि बँकेतला कर्ज देणारा माणूस वर्गात उभे करून जाब विचारतो, आणि तोही निमूटपणे 'सेफ्टी चांगली आहे' असे पुटपुटतो.

गिरणीपाशी गाडी थांबली. काका उतरले नाहीत; गुडघ्यामुळे उतरणे-चढणे बरे नव्हते. त्यांनी काच खाली करून हाक मारली, गिरणीवाल्या मुलाने पितळी कड्यांचा स्टीलचा मोठा डबा आणला आणि डिकी उघडण्याची कोणी तसदी न घेतल्यामुळे तो सरळ मागच्या दारातून माझ्या मांडीवर ठेवला. नुकत्याच दळलेल्या गव्हाच्या पिठाचा डबा किती गरम असतो, हे ज्याने तो मांडीवर घेतला आहे त्यालाच ठाऊक. झाकण सैल होते. "नीट धरा हं," काका म्हणाले, आणि मग विक्रेत्याला, "अरे, आता जरा हळू घे. पीठ सांडेल." त्यानंतर वेगमापकाचा काटा विसाच्या वर गेला नाही. चांदणी चौकाच्या चढाचा विषय मी काढला तेव्हा दोघांनीही एकदम 'नको' म्हटले. विक्रेत्याने क्लचच्या काळजीपोटी आणि काकांनी पिठाच्या. एका गतिरोधकावर झाकण उडाले आणि माझी काळी पँट कमरेपासून गुडघ्यापर्यंत पांढरी झाली. गिअरबॉक्स थरथरला का, ते मी सांगू शकत नाही. थरथर होती, पण ती डब्याची होती की माझी, हे वेगळे काढता आले नाही.

परत आल्यावर विक्रेत्याने विचारले, "फील आला ना सर? मग टोकन अकरा हजार करू या." गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म त्याने भरूनच आणले होते. नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीसोबत मिळेल, असेही तो म्हणाला. तो बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि गाडीबरोबर जात नाही, हे सांगण्याचे त्राण माझ्यात नव्हते. विचार करून कळवतो म्हणून मी निघालो. फाटकावरच्या रखवालदाराने माझ्या पँटकडे पाहून 'पेंटिंगचं काम संपलं का?' असे विचारले आणि वहीत बाहेर जाण्याची वेळ लिहून घेतली.

सोमवारी सकाळी काकांचा फोन आला. नंबर त्यांनी त्याच वहीतून घेतला होता. डब्याचे झाकण सापडत नव्हते आणि ते माझ्याबरोबर गेले असावे, अशी त्यांची समजूत होती. झाकण पुढच्या आसनाखाली घरंगळले असेल, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग तुम्ही गाडी घेणार आहात की नाही ते लवकर ठरवा. घेणार असाल तर झाकण काढून घ्यायला मला आजच जावं लागेल."

घेणार नाही, असे मी त्यांना कळवले आहे. विक्रेत्याला कळवण्याची गरज पडली नाही, कारण दुपारपर्यंत त्याची जाहिरात नव्याने झळकली होती. किंमत दहा हजारांनी वाढलेली होती, 'रफ ड्रायव्हिंग नाही' हे तसेच होते, आणि त्याखाली 'टाकीत पेट्रोल आहे' अशी नवी ओळ घातलेली होती. ते पेट्रोल माझे आहे, आणि ज्या वेगाने आम्ही गेलो तो पाहता त्यातले साडेचारशेचे तरी अजून शिल्लक असले पाहिजे.