इतर हक्क

मी मालवणात दस्तलेखक आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र, जे सांगाल ते गेली अठरा वर्षं टाईप करून देतो आणि त्याआधी त्या जागेचा सातबारा वाचतो. आमच्याकडचा सातबारा म्हणजे जागा अडीच गुंठे आणि खातेदार चौतीस. त्यातले अकरा वारलेले, सहा मुंबईत, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद, आणि एक बाई नेमकी कोण हे कुणालाच ठाऊक नाही. असल्या कागदांवर माझे डोळे तयार झालेत. त्यामुळे गेमसाठी घरीच कॉम्प्युटर जोडायचं मी ठरवलं आणि पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, पार्ट एकमेकांना चालतात का ते नीट बघून घे हां," तेव्हा मी हसलो होतो.

खूळ जुनंच. कॉलेजात असताना कुडाळच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही गाड्या पळवायचो. घाटाच्या वळणावर गाडी आली की कॉम्प्युटर अडकायचा आणि सुटायचा तेव्हा गाडी दरीत असायची. चाळिशी उलटल्यावर माणसं गुडघे दाखवायला जातात. मला ते वळण पुरं करायचं होतं. दोन वर्षांच्या हापूसाचे पैसे बाजूला ठेवले होते. बायकोने एवढंच विचारलं, "मुलाच्या अभ्यासासाठी ना?" मी हो म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. ते जास्त महागात पडलं. अंगणात नवीन चिरे बसले ते त्याच महिन्यात.

तर पार्ट. प्रोसेसरची दोन घराणी, इंटेल आणि एएमडी, आणि एकाची सून दुसऱ्याकडे नांदत नाही, इतकं मलाही माहीत होतं. पण भाऊबंदकी घराण्याच्या आतही असते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटला, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या बैठकीला, जुन्या डीडीआर४ रॅमवाले मदरबोर्ड होते आणि नव्या डीडीआर५ वालेही. दिसायला सख्खे भाऊ, नावात एखादं अक्षर कमीजास्त. चुकीची रॅम आणलीत तर खाच जुळत नाही, आणि जोर लावून जुळवलीत तर पुढे काहीच जुळत नाही. एएमडीने २०२२ साली एएम५ सॉकेट आणलं आणि डीडीआर४ चा दरवाजाच बंद केला. हे मला आवडलं. हक्कसोडपत्र असावं तर असं, पुन्हा उंबरठ्यावर कुणी येऊन बसत नाही. शिवाय पूर्वी प्रोसेसरच्या पोटाला असलेल्या पिना आता बोर्डावर गेल्या, एकूण १७१८. म्हणजे वाकल्या तर बोर्डाच्या वाकतात. नुकसान तेवढंच, फक्त कुणाच्या खात्यावर टाकायचं ते बदललं.

प्रोसेसर ठरला रायझन ७ ९८००एक्स३डी. आठ कोअर, आणि गेमसाठी नावाजलेला तो त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशमुळे, म्हणजे पोटातच ठेवलेल्या मेमरीमुळे. मग बोर्ड. इथे मी माझी हुशारी दाखवली. नव्या बोर्डांपेक्षा आधीच्या खेपेचा एक बी६५० स्वस्तात मिळत होता. सॉकेट तेच, रॅम तीच. मी घेतला. या हुशारीकडे पुढे यायचंच आहे.

बोर्डाचं मॅन्युअल मी डाऊनलोड करून टेबलावर छापून काढलं. पक्षकार समोर बसलेले आणि मी पेन्सिलीने खुणा करतोय. सातबाऱ्यात एक रकाना असतो, 'इतर हक्क'. अडाणी माणूस मालकाचं नाव वाचून खूश होतो. जाणता आधी इतर हक्क बघतो, कारण कुळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, शेजाऱ्याची वाट असं सगळं झेंगट तिथे असतं. मॅन्युअलमध्येही ते होतं, एकविसाव्या पानावर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत: तिसऱ्या एम.२ खणात एसएसडी लावल्यास साटाचे तीन व चार नंबरचे पोर्ट बंद राहतील. म्हणजे बोर्डावरच्या त्या खणात डिस्क बसवली की वायरीने जोडायच्या डिस्कच्या दोन जागा गेल्या. मी खुर्चीत मागे टेकलो. हा तर आमच्या वाडीतला पाट! वरच्या बागेने पाणी घेतलं की खालची कोरडी. खण चार दिसतात, पोर्ट चार दिसतात, पण पाणी एकच. समोरचा पक्षकार घाबरून म्हणाला, "काय झाला? बोजो असा?" मी म्हटलं, "असा."

रॅमचे खण चार, म्हणून मी चार काठ्या लिहिल्या. रिकामी जागा ठेवली की कोणीतरी कुंपण घालतं, हा आमचा अनुभव. भाचा किंचाळला. दोनच घाल, म्हणे. डीडीआर५ च्या दोन काठ्या ६००० च्या वेगाने सुखाने धावतात, चार घातल्या तर कंपनी ३६०० च्या वर कबूल करत नाही. आणि त्या दोनही पहिल्या-दुसऱ्या खणात नाहीत, तर दुसऱ्या आणि चौथ्या. मधे एकेक जागा सोडून. दोन सख्ख्या भावांना पंगतीत असंच बसवतात.

खरा घोळ घातला ३६० या आकड्याने. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०८०, ते खातं ३६० वॅट. प्रोसेसर थंड ठेवायला पाण्याचा कूलर, त्याचा रेडिएटर ३६० मिलिमीटर. आणि कॅबिनेटच्या माहितीत लिहिलेलं, कार्डाची लांबी कमाल ३६० मिलिमीटर. मी तीन ठिकाणी एकच आकडा बघून देवाचा कौल समजलो आणि उजव्या बाजूची पाकळी पडल्यासारखा निश्चिंत झालो. माझं कार्ड होतं ३४८ चं. बारा मिलिमीटर शिल्लक. मग इतर हक्क वाचले. ३६० हे पुढच्या बाजूला रेडिएटर नसेल तर! रेडिएटरची जाडी २७, त्याच्या पंख्यांची २५, असे ५२ वजा जाता उरले ३०८. आणि ३६० चा रेडिएटर तरी ३६० चा कुठे? ते तीन पंख्यांचं माप. दोन्हीकडच्या टाक्या धरल्या की ३९० च्या पुढे. सातबाऱ्यावर दहा गुंठे आणि मोजणीला माणूस आला की साडेअकरा, तसं. फक्त इथे वाढीव जागेचा आनंद कोणाला होत नाही.

कागदावर विश्वास ठेवायचा नाही हे धंद्यानेच शिकवलंय, म्हणून मी प्रत्यक्ष मोजणी केली. वाण्याकडून बिस्किटांचा खोका आणला आणि पुठ्ठ्याचं ग्राफिक्स कार्ड कापलं. लांबी ३४८, जाडी ७२. चिकटपट्टीने कडा जोडल्या, पुढे केबलसाठी काड्यापेटीचं नाक लावलं. ते नाक महत्त्वाचं. या कार्डांना बारीक सोळा पिनांची एकच वायर येते. ती पुरती बसली नाही तर वितळते, याचे किस्से २०२२ पासून चालू आहेत. प्लगपाशी साधारण ३५ मिलिमीटरपर्यंत ती वाकवू नये म्हणतात. म्हणजे कॅबिनेटच्या काचेपर्यंत तेवढी मोकळी जागा हवी. कॅबिनेट अजून मुंबईत होतं, म्हणून त्याच्या मापाने मी माजघरात खडूने चौकट आखली आणि पुठ्ठा हातात घेऊन ओणवा झालो. आई शेवग्याच्या शेंगा मोडत होती.

"ह्यां काय रे? गणपतीक मखर?"

"नाय गे. ग्राफिक्स कार्ड."

"मगे गणपतीक मखर खंय?"

निष्कर्ष असा निघाला की रेडिएटर वर, छताला टांगायचा. वर टांगायचा तर रॅमची उंची ४० मिलिमीटरच्या आत हवी. आणि मी पसंत केलेल्या, रंगीत दिवे लागणाऱ्या काठ्या ४४ च्या होत्या. म्हणजे कार्डाच्या लांबीपायी रॅमचे दिवे गेले. कुणाच्या भांडणात कुणाचा माड पडेल सांगता येत नाही. मी बिनदिव्यांची बुटकी रॅम घेतली. मुलगा दोन दिवस जेवताना बोलला नाही.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणारा डबा, ८५० वॅटचा घेतला, त्यावर वाद झाला नाही.

बाकी सगळं कुरिअरने आलं, पण काचेचं कॅबिनेट मी लॅमिंग्टन रोडवरून भावोजींना घ्यायला सांगितलं होतं. ते गणपतीला येणारच होते. चतुर्थीच्या आधीची गाडी, पाय ठेवायला जागा नाही, आणि भावोजी मांडीवर खोका घेऊन बसलेले. लोकांनी काय समजायचं ते समजून पाय आवरून घेतले, एकीने खोक्याला हात लावून नमस्कारही केला. पनवेल सुटल्यावर एका म्हाताऱ्याने मात्र सुनावलं, "गावात गणपतीची शाळा असताना मुंबयसून मूर्ती कित्याक हाडतास?" भावोजींनी खरं सांगितलं नाही. पाय परत पसरले असते.

जोडणी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. बाहेर पाऊस. आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, खिडकीचे गज दर दोन वर्षांनी खाऱ्या हवेला वाढावे लागतात. त्या हवेत मी सहा पंख्यांचं यंत्र उघडं मांडलं होतं. चपलांच्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्या मी वर्षभर साठवत आलो होतो, त्या आसपास ठेवल्या. प्रोसेसर सॉकेटवर अलगद टेकवला, त्रिकोणाला त्रिकोण जुळवला आणि खटका खाली दाबला. करकर आवाज आला. अगदी सुक्या काटक्या मोडल्यासारखा. भाचा व्हिडिओ कॉलवरून म्हणत होता, "होतो मामा आवाज, दाब तू." दोन वर्षांचा आंबा एका अंगठ्याखाली होता. दाबला.

रात्री आठला बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. बोर्डावर एक बारीक लाल दिवा, प्रोसेसरच्या नावाचा.

भाच्याने बोर्डाचं नाव पुन्हा विचारलं आणि क्षणभर गप्प राहिला. माझी हुशारी इथे उगवली. तो बी६५० ज्या दिवशी कारखान्यात बांधला तेव्हा ९८००एक्स३डी जन्मालाच आला नव्हता. सॉकेट जुळतं, पिना जुळतात, पण बोर्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे त्याच्या पोटातल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, याचं नाव नाही. मला ताबडतोब कळलं. वारस खरा, पण फेरफार नोंदलेला नाही! अशा वारसाला दारातच उभं ठेवतात, मग रक्ताचा असो नाहीतर आणखी कुणाचा.

उपाय होता. बोर्डाच्या पाठीला एक बटण, शेजारी ठरलेला यूएसबी पोर्ट. पेनड्राईव्हवर नवीन बायॉस ठरलेल्या नावाने ठेवायचं, बटण धरायचं, दिवा लुकलुकतो आणि प्रोसेसरला न विचारता नोंद होते. घरात पेनड्राईव्ह एकच, त्यात तालुक्यातली सत्तावीस मृत्युपत्रं. ती जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली आणि पेनड्राईव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला.

"किती वेळ लागतो?"

"सात-आठ मिनिटं. फक्त मामा, तेवढ्यात लाईट जाता कामा नये. अर्धवट राहिलं तर बोर्ड दगड."

भाद्रपद. पाऊस. मालवण तालुका. सात-आठ मिनिटं.

इन्व्हर्टर होता, पण बॅटरी सहा वर्षांची आणि त्यावर गणपतीच्या माळा, समई-दिवा, पंखा. इन्व्हर्टरच्या पाठीमागचा खटका मी यूपीएसवर केला, म्हणजे लाईट गेल्यावर तो लवकर सावरेल. आईला म्हटलं, माळा दहा मिनिटं बंद करू. तिने गणपतीकडे बघून सांगितलं, "माळो ऱ्हवतत. पंखो बंद कर." बाहेर भजनाची मंडळी जमली होती. पंखा बंद झाल्यावर त्यांना कारण सांगावं लागलं आणि कारण सांगितल्यावर सगळी आत आली. टाळ हातातच. शेजारच्या आबांनी कॅबिनेटकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि मला विचारलंही नाही.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान दोन वर्सांच्या आंब्याचे पैशे घालून जो काय हो डबो मांडलो हा, तेका खंयची वाकडी नजर लागली असात, ती भायरच्या भायर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि धा मिन्टां लाईट जाव देव नको रे म्हाराजा!"

या वेळचा व्हय म्हाराजा माझाही होता. बटण धरलं. दिवा लुकलुकू लागला. पाचव्या मिनिटाला लाईट गेली.

अख्खी वाडी अंधारात. आमच्याकडे माळा क्षणभर मिणमिणल्या आणि राहिल्या. सगळे वाकून बोर्डाच्या पाठीकडे बघत होते. दिवा लुकलुकत होता. आणखी दोन मिनिटं लुकलुकला आणि विझला. विझणं चांगलं की वाईट हे मॅन्युअलमधून वाचून सांगेपर्यंत कुणी श्वास सोडला नाही. चांगलं होतं.

लाईट आल्यावर पुन्हा बटण. लाल दिवा गेला, आता नारिंगी. पडदा काळाच. एक मिनिट, तीन मिनिटं. मी हात पुढे नेला तर भाचा ओरडला, "शिवू नकोस! मेमरी ट्रेनिंग चाललंय." म्हणजे बोर्ड रॅमच्या काठ्यांना एकेक करून तपासतो, पहिल्यांदा वेळ लागतोच. आबांनी हळूच विचारलं, "म्हाराजा झोपलो काय?" आणि तेवढ्यात पडदा उजळला. रायझन ७ ९८००एक्स३डी, अक्षर न अक्षर. मला फेरफाराची नक्कल हातात पडल्यासारखं झालं. रॅम ४८०० दाखवत होती, एक्स्पो ही रॅमचा वेग वाढवायची सोय चालू केल्यावर ६००० झाली. भजनाला त्या रात्री वेगळाच जोर होता.

विंडोज दुसऱ्या दिवशी चढलं. मग ते घाटवळणांचं गाड्यांचं गेम. १२० जीबी. केबलवाल्याची वायर फांदी पडून तुटलेली, तो म्हणाला विसर्जनानंतर बघू. मोबाईलवर दिवसाला दोन जीबी. मुलाने तोंडी हिशोब केला, साठ दिवस. दिवाळीसुद्धा उलटून जाते.

"तवसर ता कायच करणा नाय?" आईने विचारलं. मी पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव लावून दिला. १६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, तीन पंखे, त्याला काम नाही म्हणून तेही फिरेनात. आई खुर्ची ओढून बसली. तिला माऊस जमत नव्हता, म्हणून माऊस माझ्या हातात.

"ती तांबडी सत्ती काळ्या अठ्ठीर ठेव. ती न्हय रे, ती! कसलो दस्तलेखक तू."