२५२० : रामानुजनांच्या नावावर खपवलेला लसावि

व्हॉट्सॲपवर एक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. २५२० ही म्हणे जगातली एकमेव संख्या, जिला १ ते १० या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. ती रामानुजनांनी शोधली, जगभरचे गणिती थक्क झाले आणि तिचं रहस्य हिंदू कालगणनेत आहे : ७ वार × ३० दिवस × १२ महिने.

'एकमेव' तर नाहीच. तिची दुप्पट करा. ५०४० लाही १ ते १० ने भाग जातो. तिप्पट ७५६० लाही. २५२० च्या सगळ्याच पटींना जातो आणि पटींना अंत नाही. 'सर्वांत लहान' लिहिलं असतं तर भांडण नव्हतं.

थक्क व्हायचं कारणही कळत नाही. १ ते १० चा लसावि काढा : ८ × ९ × ५ × ७. हे शाळेतलं गणित. लसावि काढायची रीत युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास 'एलिमेंट्स'च्या सातव्या भागात दिली आहे.

कालगणनेचा गुणाकार मात्र बरोबर आहे. ३० मध्ये २, ३, ५ हे अवयव, १२ मध्ये २, २, ३, आणि जोडीला ७. एवढ्यात काम भागतं. महिना ३१ चा धरला तर उत्तर २६०४ येतं आणि ५ नेच भाग जात नाही. शिवाय चांद्रमासात तिथी ३० असल्या तरी दिवस सरासरी साडेएकोणतीसच. बारा महिन्यांचे जेमतेम ३५४ होतात, म्हणून तर अधिक मास घालावा लागतो. पंचांगाचा अभिमान असणाऱ्याने निदान एवढं तरी बघावं!

आता रामानुजन. त्यांचा २५२० शी संबंध खरा आहे, पण वेगळा. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा 'हायली कंपोझिट नंबर्स' हा दीर्घ निबंध छापून आला. स्वतःपेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांचा तो अभ्यास. १६८० ला ४० विभाजक आहेत; तिथून पुढे हा आकडा पहिल्यांदा ओलांडते ती २५२०, ४८ विभाजकांसह. त्यानंतर थेट ५०४०, विभाजक ६०. अशा संख्यांच्या मूळ अवयवांचे घातांक कसे उतरत जातात, हे त्यांनी त्यात उलगडलं. १९१६ मध्ये केंब्रिजची पदवी मिळाली ती याच कामावर.

लसावि असणं आणि या यादीत बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३६०३६० हा १ ते १५ चा लसावि. त्याला १९२ विभाजक आहेत, पण तेवढेच विभाजक त्याच्याहून लहान असलेल्या ३३२६४० लाही आहेत. त्यामुळे ३६०३६० यादीबाहेर. १ ते १६ चा लसावि ७२०७२०, तो मात्र २४० विभाजकांनिशी पुन्हा यादीत आहे.